नाकातली वेसण सुटल्यावर

'दरवेशी आला रे!' अशी आरोळी गल्लीत उठली की पोरेटोरे हातातला खेळ टाकून धावत सुटायची. डमरूचा आवाज, काठी, लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला काळे केसाळ अस्वल. ते दोन पायांवर उभे राही, सलाम ठोकी, मालकाशी कुस्ती खेळे. भित्र्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवले की भीती पळते, असा समज होता. त्याचा केस ताइतात घालून बाळाच्या दंडाला बांधला जाई. आज तिशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांना हे दृश्य आठवत असेल. आता ते रस्त्यावर दिसत नाही. मग ती अस्वले गेली कुठे?

त्यांच्यापैकी बरीच बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा येथे आली. शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवरच्या या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात अस्वलांचे बचाव केंद्र आहे. कर्नाटक वनखात्याच्या सहकार्याने 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था ते २००५ पासून चालवते. आधी परवानगी काढून, यजमान, दोन्ही मुले आणि सासूबाई अशी आमची वरात तिथे पोहोचली.

मुलांची अपेक्षा प्राणिसंग्रहालयाची होती. पिंजरे, गर्दी, खाऊच्या गाड्या यांपैकी तिथे काही नव्हते. कुंपणाआड झाडी, पाण्याची डबकी, लाकडी मचाणे. एक अस्वल पोकळ ओंडक्यात तोंड खुपसून आत चोपडलेला मध ओढून घेत होते. त्याचा सूं-सूं आवाज कुंपणाबाहेर ऐकू येत होता. निसर्गाने या अस्वलाला वरचे पुढचे दोन दात दिलेलेच नाहीत. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या अक्षरशः शोषून घेते. लांब नखांमुळे १७९१ साली एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची गणना चुकून दक्षिण अमेरिकेतल्या आळशी 'स्लॉथ'मध्ये केली. चूक पुढे सुधारली, पण 'स्लॉथ बेअर' हे नाव कायमचे चिकटले. प्रत्यक्षात हा प्राणी मुळीच आळशी नाही.

थोड्या अंतरावर एक म्हातारे अस्वल उभे होते. एकाच जागी, डावीकडे-उजवीकडे मान झुलवत. आमची धाकटी टाळ्या पिटत ओरडली, "आई, हे बघ, नाचतंय!"

तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले, "नाचत नाही ते. वर्षानुवर्षे दोरीला बांधलेले होते. दोरी सुटली तरी शरीराची सवय सुटत नाही."

मग त्याने या 'नाचा'मागची हकिगत सांगितली. शिकारी आईला मारून पिल्लू पळवत. अस्वलीण आपली पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते, त्यामुळे आई जिवंत असताना पिल्लू हाती लागणे कठीणच. पिल्लू काही महिन्यांचे झाले की तापवून लाल केलेली सळई त्याच्या नाकाडातून आरपार घालत, भूल वगैरे न देता. त्या भोकातून दोरी ओवत. सुळे पाडत, नखे छाटत. जखम पुरती भरू देत नसत, कारण दुखले तरच दोरीच्या एका हिसक्याला अस्वल पाय उचलणार. आपण ज्याला नाच म्हणून टाळ्या वाजवल्या, तो त्या वेदनेने उचललेला पाय होता.

थोरल्याने आजीकडे पाहिले. "आजी, तू पण बघायचीस का गं हा खेळ?"

"बघायचे की," सासूबाई म्हणाल्या. "पैसे दिले, सूपभर जोंधळे दिले. तुझ्या बाबाला ताईतही बांधला होता." मग थोडे थांबून म्हणाल्या, "त्याच्या नाकाकडे कधी नीट बघितलंच नाही बघ."

हे अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वलांच्या खेळांवर बंदीही घातली. पण नुसत्या बंदीने प्रश्न सुटला नाही, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकालाही एक कुटुंब होते. पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारा कलंदर समाज. अस्वल काढून घेतले की त्यांची चूल विझणार, आणि मग ते दुसरे पिल्लू शोधणार. म्हणून अस्वल स्वाधीन करणाऱ्याला दुसऱ्या धंद्यासाठी मदत द्यायची, असा मार्ग निघाला. कुणी दुकान टाकले, कुणी रिक्षा घेतली, बायका शिवणकाम शिकल्या, मुले शाळेत गेली. काहींना अशा केंद्रांमध्येच नोकरी मिळाली. सहाशेहून अधिक अस्वले या मार्गाने सुटली. रस्त्यावरचे शेवटचे नाचते अस्वल मानला गेलेला राजू डिसेंबर २००९ मध्ये इथेच, बन्नेरघट्ट्याला, आणला गेला.

"मग आता यांना जंगलात का सोडत नाहीत?" हा मुलांचा पुढचा प्रश्न. बोर्निओत सेपिलोक येथे १९६४ पासून ओरांगउटानच्या अनाथ पिल्लांना झाडावर चढायला, स्वतःचे अन्न शोधायला शिकवून पुन्हा जंगलात पाठवतात. तिथे पुनर्वसन म्हणजे घरी परतणे. इथल्या अस्वलांचे तसे नाही. दात गेलेले, कित्येकांची दृष्टी अधू, काहींना माणसांच्या सहवासात क्षयाची लागण झालेली. आईकडून दोन-अडीच वर्षांत जे शिकायचे, ते शिकायला आईच उरली नव्हती. जंगलात ती जगणार नाहीत. म्हणून मरेपर्यंत लापशी, फळे, औषधपाणी आणि दोरीशिवायचे दिवस, एवढेच त्यांचे पुनर्वसन. मोडलेले सगळेच पुन्हा जोडता येत नाही, हे मुलांना समजावणे सोपे नव्हते. पण ते ऐकून घेण्याइतकी ती मोठी होती.

सुट्टीत बंगळुरूला जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. जैविक उद्यान मंगळवारी बंद असते. मॅजेस्टिकहून ३६५ क्रमांकाची बस थेट जाते. बसमधून होणाऱ्या सफारीत अस्वले दिसतात, पण बचाव केंद्र हे सहलीचे ठिकाण नव्हे, तिथे आगाऊ परवानगी लागते. मुलांना आधीच बजावा: आरडाओरडा नाही, खाऊ फेकायचा नाही, जवळ जाऊन फोटोचा हट्ट नाही.

आणि परतल्यावरची एक गोष्ट. दरवेशी गेला, तरी जत्रेत पाकिटे उचलणारा पोपट, साखळीला बांधलेले माकड, गारुड्याच्या टोपलीतला नाग अजून कुठे कुठे दिसतो. अशा वेळी मूल खिशाकडे बोट दाखवते. त्याला रागावू नका, तिथून नुसते ओढूनही नेऊ नका. गर्दीतून जरा बाजूला घ्या आणि त्या जनावराचे तोंड, पाय, गळा नीट बघायला सांगा. पैसे द्यायचे की नाहीत, हे मग ते मूलच तुम्हाला सांगेल.