लांडग्याला साहेब करू नका!

मंडळी, बर्फातून एका रांगेत चाललेल्या लांडग्यांचा तो फोटो तुमच्याकडेही आला असेलच. खाली मजकूर असा, की सगळ्यात पुढे म्हातारे आणि आजारी, मधे दणकट गडी आणि सर्वांच्या मागे एकटा चालणारा तो 'लीडर'. आमच्या घरच्या ग्रुपवर तो चौथ्यांदा आला. आता पुरे.

बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) या मालिकेच्या वेळी चॅडन हंटर यांनी तो कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात काढला. कळप बायसनच्या मागावर होता. पुढचा बर्फ तुडवून वाट पाडतो, मागच्यांचे श्रम वाचतात, म्हणून रांग. मूळ वर्णनात पुढे आहे ती मादी! आजारी आजोबा कुठेच नाहीत.

"पण सर, संदेश चांगला आहे ना?" अहो, चांगल्या संदेशाला खोट्याचा टेकू कशाला?

आणि तो 'अल्फा'! रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेले निष्कर्ष बंदिस्त लांडग्यांवरचे होते. मधल्या सुट्टीत चाळीस पोरं एका खोलीत कोंडा आणि त्यावरून मराठी कुटुंबावर ग्रंथ लिहा, तसलाच प्रकार. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला. पण याच मीचनी १९८६ पासून एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिले आणि १९९९ साली लिहिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. मोठी भावंडे शिकारीचे मांस पोटातून आणून धाकट्यांपुढे ओकतात. एक ते तीन वर्षांची झाली की बहुतेक घर सोडतात, जोडीदार शोधतात, स्वतःचा संसार थाटतात. मारामारी करून कोणी गादीवर बसत नाही. (अपवाद आहेत. मोठ्या कळपात कधी दोन माद्याही वितात.) स्वतःचेच पुस्तक छापणे थांबवा म्हणून मीच प्रकाशकाच्या मागे लागले होते, ते २०२२ साली थांबले. असा लेखक विरळा.

तरी शिबिरांतून 'अल्फा बना' चालूच. हाताखालच्यांवर गुरकावणाऱ्या साहेबाला लांडग्याचा दाखला आयताच मिळतो. नातवंडांना हा साहेबी लांडगा पाठ, आणि आपल्या दख्खनच्या माळावर लहान कळपाने राहणारा खरा लांडगा ठाऊक नाही. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले, पण तो राहतो त्या माळाला आपण 'पडीक' म्हणतो.

पुन्हा पाठवायचाच असेल तर खालचा मजकूर पुसून पाठवा. फोटो सुंदर आहे.