थुंकीतले रक्त आणि टीबीचा दुसरा कोर्स

खोकताना रुमालावर रक्त दिसले, की घरात पहिला शब्द निघतो तो टीबी. आपल्याकडे हा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. अडचण येते ती टीबी बरा झाल्यानंतर काही वर्षांनी पुन्हा रक्त पडते तेव्हा. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी 'करून पाहू' म्हणत तोच कोर्स पुन्हा सुरू होतो. रक्त मात्र थांबत नाही, कारण दोष आता जंतूंचा नसून रक्तवाहिनीचा असतो.

श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या बारीक असतात, पण त्या थेट महाधमनीतून निघतात, म्हणून त्यांतला दाब मोठा. जुन्या व्रणाभोवती त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात आणि फुटतात. क्वचित टीबीच्या पोकळीच्या भिंतीतली फुफ्फुसधमनीच फुग्यासारखी होते. डेन्मार्कच्या रासमुसेन यांनी 1868 मध्ये वर्णन केलेला हाच तो फुगा. काहींच्या फुफ्फुसात जन्मापासूनच धमनी आणि शीर एकमेकींना थेट जोडलेल्या असतात. अशा घरात वरचेवर घोळणा फुटणारी आणखी माणसे सापडतात, पण ते विचारतो कोण? एक्सरेवर ही जोडणी गाठीसारखी दिसते. गाठ समजून तिच्यात सुई घातली, तर जिवावर बेतू शकते. हृदयाची झडप अरुंद झाल्यानेही रक्त पडते, हेही विसरू नये.

उत्तर बहुधा सीटी अँजिओग्राफीत मिळते. मग जांघेतून बारीक नळी नेऊन फुटलेली धमनी आतूनच बुजवता येते. मणक्यातील मज्जारज्जूला रक्त देणारी फांदी कधी त्याच धमनीतून निघते. ती चुकून बुजली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून हे काम सरावलेल्या हातांचेच. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे जालना, बीड, परभणीचे रुग्ण येतात. अशा ठिकाणी ही सोय चोवीस तास असणे ही चैन नव्हे.

कारण अशा रुग्णाचा जीव बहुतेकदा रक्त कमी झाल्याने जात नाही, श्वासनलिकेत रक्त भरून गुदमरल्याने जातो. कपभर रक्त पडले तरी 108 ला फोन करावा. कोणत्या बाजूचे फुफ्फुस खराब आहे हे माहीत असेल, तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवावे, म्हणजे चांगले फुफ्फुस वर राहते. जुना एक्सरे सोबत न्यायला विसरू नये.