दोस्तांच्या हालचाली

‘ज्याने काही केलंच नाही, त्याने कशाला घाबरायचं?’ हे वाक्य आजवर टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ऐकत होतो. गेल्या महिन्यात ते आमच्याच दोस्तांच्या कंपूतून आलं, तेही एका खेळावरून. म्हणून हे लिहायला घेतलं.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाईलच्या जीपीएसवर तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. शंभरेक मीटरने चुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. लगेच ३ मे रोजी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवली. त्यात पुस्तकं, गलोल, डबाबंद घेवडा असलं काहीबाही होतं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आहेत, भारतात मात्र तुरळक. मला हा खेळ आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. फुकटात पायपीट होते, आणि किल्ल्याच्या ज्या बुरुजाकडे एरवी वळलो नसतो तिकडे जाणं होतं.

माझा वाद डब्याशी नाही, यादीशी आहे.

वहीत सही केली की वेबसाइटवरही ‘सापडला’ अशी नोंद करायची पद्धत आहे. ज्यांना तुम्ही मित्र म्हणून जोडलंय, त्यांना तुमच्या नोंदी दिसतात, तुम्हाला त्यांच्या. आम्ही सहा जण असे जोडलेले. मी वहीत सही करतो, ऑनलाइन नोंद करत नाही. यावरून मंडळी नाराज आहेत. “भाई, तू कुठे असतोस काही कळतच नाही!”

बरोबर आहे. कळू नये म्हणूनच करत नाही.

‘हालचाल’ हा शब्द घ्या. आमच्या घरच्या उर्दूत कुणी हालचाल विचारली तर त्याचा अर्थ खुशाली. मराठीत तोच शब्द फिरणं-सरकणं सांगतो, आणि पेपरात आला की बहुतेक वेळा त्याच्या आधी ‘संशयास्पद’ लागलेलं असतं. यादीला वाटतं ती पहिल्या अर्थाची आहे. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. अमेरिकेखालोखाल सर्वांत जास्त डबे तिथेच, त्यामुळे त्याची चंगळ. त्याच्या नोंदी नेहमी शनिवार-रविवारच्या असायच्या. यंदा अचानक मंगळवारी नऊ, बुधवारी अकरा, गुरुवारी सात. पुढच्या आठवड्यात तेच. त्याची नोकरी गेल्याचं खालाजानच्या आधी मला समजलं. त्याने सांगितलं नव्हतं. ईदच्या फोनवर तो ‘सुट्टी काढलीय’ म्हणाला आणि मी ‘अच्छा’ म्हणालो. जे त्याने आईपासून झाकलं, ते आम्हा मित्रांपुढे तारीखवार मांडलेलं होतं. आमच्यात वाईट कुणी नाही. कुणी वाईट नसतानाही एवढं घडतं, हेच मला सांगायचंय.

आणि यादी काही मित्रांपुरती राहत नाही. प्रत्येक डब्याच्या पानावर त्या त्या नोंदी इतर सदस्यही वाचू शकतात. २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. तिथे निदान वापरणाऱ्याला पत्ता नव्हता. इथे आपणच आपली हजेरी लिहायची, वर हसरा चेहरा मिळवायचा.

आता हा खेळणारा माणूस दिसतो कसा, ते पाहा. बाकाखाली हात घालतो. पुलाच्या कठड्यामागे वाकतो. कुणी बघत नाही ना म्हणून मान वळवून वळवून खात्री करतो, कारण न खेळणाऱ्यांना डब्याचा सुगावा लागू द्यायचा नाही असा दंडक आहे. जुलै २०११ मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेरचा असाच डबा बॉम्ब समजून पथकाने उडवून दिला. टेक्सासमधल्या एका कृष्णवर्णीय खेळाडूने तर ‘जिओकॅशिंग व्हाइल ब्लॅक’ या नावाखाली आपले अनुभव लिहिलेत. पोलिसांनी अडवणं, लोकांनी हटकणं. खेळ तोच, डबे तेच, फक्त वाकलेल्या माणसाचा रंग वेगळा. माझी दाढी आणि माझं नाव घेऊन रेल्वे पुलाखाली वाकून बघा, मग भीतीवर बोलू.

यावर पुण्यातल्या मित्राचं म्हणणं असं, की नोंद असेल तर उलट तुझाच बचाव होईल, तू तेव्हा दुसरीकडे होतास हे सिद्ध करता येईल. मित्र वकील आहे, म्हणून उत्तर देतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात स्फोट झाले आणि नऊ मुस्लिम पुरुष पकडले गेले. त्यांच्यातला एक जण त्या दिवशी दूर यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात नमाज पढवत होता, असं तो सांगत होता, गावकरीही सांगत होते. जामीन मिळायला २०११ उजाडलं. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर नवांपैकी एक जण हयातही नव्हता. अख्खं गाव साक्षीला असून जिथे वर्षं गेली, तिथे मोबाईलवरची हसऱ्या चेहऱ्याची नोंद कोण वाचणार? वाचलीच तर ‘हा इथे कशाला आला होता’ म्हणून वाचतील.

मी कुणाला खेळ सोडा म्हणत नाही. ज्यांना सगळ्या नोंदी दाखवायच्यात त्यांनी खुशाल दाखवाव्यात. पण नोंद न करणाऱ्याला ‘लपवाछपवी करतो’ म्हणणं बंद करा. तो खेळाचा कुठलाही नियम मोडत नाही. मित्राच्या यादीतून त्याच्या घरातलं काही कळलं, तर ते चौघांत बोलू नका. त्याला फोन करा. आणि वेबसाइट चालवणाऱ्यांनी माणूस सदस्य झाला की आधी विचारावं: तुझ्या नोंदी कुणाला दिसू देऊ, आणि किती दिवसांनी? आज नोंद आज दिसलीच पाहिजे, अशी कुठली निकड आहे?

पुढच्या रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरतंय. मी येणार आहे. वहीत सही करीन, मोबाईलवर नाही.