शरीर कुणाच्या खात्यात?

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची ही गावे आपल्या बोलण्यात येतात ती बहुधा थट्टेपुरती. स्किझोफ्रेनियासारखा तीव्र आजार झालेला माणूस तिथे, किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, पोहोचतो तोच मुळात क्वचित. 2015-16 साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा शंभरांतले सुमारे 74 जण उपचाराबाहेर आढळले. त्यांच्याविषयी निदान अधूनमधून बोलले जाते. मला बोलायचे आहे ते उरलेल्या 26 जणांविषयी, जे दवाखान्यात येतात, गोळ्या घेतात आणि तरीही लवकर मरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीव्र मानसिक आजाराची माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी जातात. आत्महत्या हे त्याचे एक कारण आहेच, पण मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा टाळता येण्याजोग्या दुखण्यांचा. त्यातच ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन वाढते, साखर वाढते. मन शांत होते म्हणून घरचे समाधानी असतात आणि सुटलेले पोट हे तब्येत सुधारल्याचे लक्षण मानले जाते.

माझा एक मावसभाऊ पंधरा वर्षे नेमाने गोळ्या घेत होता. एका रात्री तो म्हणाला, ''छातीवर कुणीतरी बसलंय.'' हेच वाक्य तुम्ही-मी बोललो असतो तर पाच मिनिटांत ईसीजी निघाला असता. पण धाकट्या भावाने इमानदारीने जुनी फाइल पुढे केली, आणि तरुण डॉक्टरांनी ते वाक्य 'भास' म्हणून लिहून घेतले. ''यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.'' नेहमीचे डॉक्टर म्हणाले, ''छातीचं मी काय बघणार? फिजिशियनकडे जा.'' ईसीजी निघाला तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या ठिकाणी. झटका येऊन गेला होता. त्यानंतर तो अकरा महिने जगला. वय बावन्न.

बँकेत उभा जन्म काढल्यामुळे हा प्रकार मला ओळखीचा वाटतो. 'हे आमच्या काउंटरला नाही' या वाक्यात कुणीच खोटे बोलत नसते. फेऱ्या मारून माणूस यायचा थांबला, की तक्रार आपोआप निकाली निघते!

कायदा मात्र स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे एकविसावे कलम सांगते की, सर्व आरोग्यसेवांत मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवावे; रुग्णवाहिकासुद्धा त्याच तत्परतेने मिळावी.

''हे रुग्ण सहकार्य करत नाहीत,'' असे डॉक्टरमंडळी सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल, आणि मनोविकार ओपीडीतली गर्दी पाहिली की त्यांचीही दया येते. पण जो माणूस दर महिन्याला औषधासाठी रांगेत उभा राहतो, तो आवाक्याबाहेरचा कसा? त्याच रांगेत, त्याच केसपेपरवर परिचारिकेने वजन, कंबरेचा घेर आणि रक्तदाब लिहावा, बोटातून साखर तपासावी. तिशीपुढच्यांची मधुमेह-रक्तदाब तपासणी हा सरकारचा चालू कार्यक्रमच आहे. त्यासाठी आशाताई घरोघर जातात. आतल्या खोलीत बसलेल्या त्या मुलाचेही नाव त्यांच्या यादीत आहे का, एवढे त्याच्या म्हाताऱ्या आईने दारातच विचारावे.