दोन डोंगर आणि एक नदी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभं राहून चारी दिशांना नजर फिरवा. ज्वारी, हरभरा, करडई आणि आभाळ टेकेपर्यंत सपाट माती. डोंगर म्हणून काही दिसणार नाही. आता इथल्याच एखाद्या शाळेत जाऊन सहावीच्या पोरांना सांगा, 'निसर्गचित्र काढा.' अर्ध्या तासात सगळ्या वह्यांवर एकच चित्र उमटतं. दोन डोंगर, त्यांच्या फटीतून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली निळी नदी, काठाला लाल कौलांचं घर आणि शेजारी नारळ. वर बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. ज्या पोरांची घरं माळवदाची नाहीतर पत्र्याची, ज्यांनी नारळ झाडावर कमी आणि देवळात फुटताना जास्त पाहिला, ती पोरं हे काढतात. आणि त्याला 'छान' असा शेरा मिळतो.

माझं भांडण त्या शेऱ्याशी आहे.

हे चित्र पोराच्या मनातलं नसतं. ते फळ्यावरून वहीत उतरतं, थोरल्या बहिणीच्या वहीतून धाकट्याच्या वहीत जातं. त्यातून पोर न सांगता एक धडा शिकतं, की आपल्या डोळ्यांसमोर आहे ते चित्र काढण्याजोगं नाही. चित्र असतं ते दुसरीकडं कुठंतरी. आपला बांध, आपली बाभळ, कडब्याची गंज, पाण्याच्या टँकरपुढची घागरींची रांग, हे काही 'निसर्ग' नव्हे. गावातल्या पोराला गावाची लाज वाटायला लावण्याचा याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

आमच्या वर्गात एक पोरगा होता. बेंदराला मातीचे बैल करायचा. खिलारीचं वशिंड, गळ्याखालची पोळी, शिंगांचा मागं गेलेला बाक, सगळं जिथल्या तिथं. नुसत्या बैलावरून तो कुणाच्या दावणीचा हे आम्ही ओळखायचो. एकदा त्यानं शेताचं चित्र काढलं आणि जमीन काळ्या रंगानं भरली. गुरुजींनी लाल पेनानं फुली मारली, 'माती तपकिरी असते.' खिडकीबाहेर काळीभोर जमीन पसरली होती. तिच्यावरच आमच्या सगळ्यांची घरं चालत होती. गुरुजींनी खिडकीकडं पाहिलं नाही. पोरानं पाहिलं, पण बोलला नाही. आठवीपर्यंत त्यानं चित्रकलेची वही आणणंच बंद केलं.

मी त्या गुरुजींना खलनायक ठरवत नाही. त्यांचा विषय गणित. चित्रकलेचा तास त्यांच्या गळ्यात पडलेला, तोही शनिवारी शेवटचा. राहिलेली उदाहरणं, तांदळाचा हिशेब, दाखल्यांची कामं, सगळं त्या तासात. वेळापत्रकात 'चित्रकला' हा शब्द मात्र दरवर्षी सुवाच्य अक्षरात.

कायद्यानं तरी काय केलं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे. पण तो अंशकालीन. आणि तोही त्या वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील तरच. म्हणजे नव्व्याण्णव मुलांच्या शाळेला डोळे नकोत! वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळांत या तीन वर्गांची मिळून शंभर मुलं भरतात? मोठ्या गावातल्या पोराला अर्धा मास्तर आणि वस्तीवरच्या पोराला तोही नाही, असा हा न्याय आहे.

राहता राहिल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा. त्यांनी खेड्यापाड्यांत ब्रश पोचवला, हे मान्य. वस्तुचित्रासाठी समोर तांब्या ठेवून तो बघायला लावणं ही चांगलीच शिस्त आहे. पण दहावीच्या निकालात इंटरमीजिएटच्या श्रेणीचे गुण मिळू लागले, 'अ' ला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३, आणि चित्रकला टक्क्यांची पुरवणी झाली. स्मरणचित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. आता बाजारातल्या मार्गदर्शकातलं 'बसस्थानक' पाठ करून काढतात. आपल्या गावचा थांबा म्हणजे एक वडाचं झाड आणि पारावर बसलेली चार म्हातारी माणसं, हे काढायचं धाडस कोण करील? गुण कापले गेले तर?

लोक विचारतात, 'चित्रं काढून पोट भरतं का?' मग नागरिकशास्त्रानं कुणाचं भरलं? सगळ्यांना चित्रकार करा असं कोण म्हणतंय? बघायला शिकवा, एवढंच मागणं आहे. पानावर पडलेला रोग वेळेवर दिसणं, बैलाची चाल बिघडलेली ओळखणं, भिंतीला गेलेली तड गवंड्याआधी ध्यानात येणं, हे सगळं नजरेचं काम आहे. आणि अकरा ते चौदा हे वय मोठं नाजूक. लहान पोर बिनधास्त रेघोट्या मारतं. या वयात मात्र ते आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतं आणि म्हणतं, 'मला येत नाही.' नेमकं तेव्हा शेजारी बसून 'पुन्हा बघ, शिंग कुठून निघतंय?' असं विचारणारं माणूस हवं. तेव्हाच आपण माणूस काढून घेतो.

दुसरे म्हणतात, अंगात कला असली की ती आपोआप वर येते. दाखला देतात जिव्या सोमा म्हसे यांचा. कुठल्या कलाशाळेत न जाता वारली चित्रं जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांच्याभोवती काय होतं ते बघा. गेरूनं सारवलेल्या भिंती आणि त्यांवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायका. सगळा पाडाच त्यांची शाळा होता. आमच्याकडंही सारवलेल्या भिंतीवर चुन्याची बोटं उमटायची, नागपंचमीला नाग निघायचा, वेळ अमावस्येला कोपीतल्या पांडवांना चुना आणि काव लागायची. आता भिंतीवर फ्लेक्स आहे आणि त्यावर वाढदिवसाचे भावी नेते. घरची शाळा मिटली. म्हणून तर सरकारी शाळेची जबाबदारी वाढली.

यासाठी महागडी रंगपेटी लागत नाही. चुलीतला कोळसा, काव, चुना, ओढ्याची चिकणमाती आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुरे. आठवड्याला दोन तास, दुसऱ्या कुणाला न देता. एका मास्तराकडं जवळच्या चार शाळा द्या, पण त्याला पूर्ण पगार द्या. पोरांना वर्गाबाहेर न्या, एका झाडापुढं बसवा आणि फळ्यावर काही काढू नका. गावातला कुंभार, सुतार, घोंगडी विणणारा सणगर यांना वर्गात बोलवा आणि त्या तासाचे पैसे त्यांना द्या. पोरांची चित्रं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. आयबाप बघतील, वाद घालतील, 'हे आमचं रान न्हाई वाटत' म्हणतील. त्यातूनच पोर पुन्हा रानात जाऊन बघेल.

आणि वाचकहो, तुम्ही शहरात असा की खेड्यात, घरातल्या पोराची चित्रकलेची वही आज एकदा उघडा. दोन डोंगर सापडले तर पोराला बोल लावू नका. पुढच्या पालकसभेला जाऊन गणिताच्या गुणांआधी एवढंच विचारा: चित्रकलेचा तास कोण घेतं, आणि तो खरंच होतो का?