पुराआधीचा डबा : चुलीशिवायची तीन दिवसांची सोय

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीला वेढा घातला. पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला आणि दूध, भाजी, इंधनाची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली गेली. मदत येते, पण पाणी आधी येते. मधले दोन-तीन दिवस घरात जे असेल त्यावरच काढावे लागतात.

धान्य आहे, पण शिजवणार कुठे?
पावसाळ्याआधी तांदूळ-गहू भरून ठेवण्याची पद्धत चांगलीच. पण घरात पाणी शिरले, की सिलिंडर आणि शेगडी खालीच राहते. माळ्यावर बसलेल्या कुटुंबाला कच्च्या तांदळाचा उपयोग नाही. म्हणून आपत्तीचा डबा न शिजवता खाता येईल अशा पदार्थांचाच हवा.

डब्यात काय?
चौघांसाठी तीन दिवसांचा अंदाज असा : पातळ पोहे दीड किलो, डाळं, शेंगदाणे आणि गूळ प्रत्येकी एक किलो, चुरमुरे अर्धा किलो आणि बिस्किटांचे काही पुडे. सोबत मीठ, साखर आणि ओआरएसची पाकिटे. भाव गावागणिक बदलतो, तरी सर्वसाधारणपणे सहाशे रुपयांच्या आसपास हे बसते.

पैसे एकदम नकोत
रोजंदारीवरच्या घराला एकरकमी खर्च जड जातो. एप्रिलच्या मध्यापासून आठवड्याला शंभर रुपये बाजूला काढले, तरी मे अखेर डबा भरतो.

पाणी विसरू नका
माणशी रोज तीन लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर लागते. पावसाचा जोर वाढताच स्वच्छ, झाकणाचे कॅन भरून उंचावर ठेवावेत. पुराचे पाणी लागलेले सुटे अन्न मात्र टाकूनच द्यावे.

वाया जाण्याची भीती?
शेंगदाणे खवट होतात, पोह्यांना कीड लागते, ही शंका रास्त आहे. म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्यावा आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावा. पूर आलाच नाही, तर पोहे, डाळं, शेंगदाणे दिवाळीच्या चिवड्यात जातात. गूळही घरात लागतोच.

आपत्तीची तयारी म्हणजे महागडी पाकिटे नव्हेत. दिवाळीचे सामान चार-पाच महिने आधी घेऊन माळ्यावर ठेवणे, एवढेच ते आहे.