वाफेच्या वाटेतील चुना

लडाखमधील पुगा खोऱ्यात भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये करार केला, याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र विहीर खोदली की वीज आली, अशा समजुतीत कोणी राहू नये.

तुर्कस्तानातील किझिलदेरे येथील केंद्र १९८४ साली सुरू झाले आणि विहिरींच्या नळ्या चुन्याच्या थरांनी तुंबू लागल्या. खोलातले पाणी वर येताना त्यावरील दाब उतरतो, विरलेला कार्बन डायॉक्साइड निसटतो आणि पाण्यातील चुना नळीला आतून दगडासारखा चिकटतो. आपल्या घरच्या बंबात धरणाऱ्या पांढऱ्या थराचाच हा थोरला भाऊ! नळ्या वारंवार खरवडाव्या लागत. पुढे, पाणी जेथे उकळू लागते त्याच्याही खाली बारीक नळीने प्रतिबंधक द्रव्य सोडण्याचा उपाय लागू पडला. सिलिकेचे दुखणे निराळे. ती पाणी थंड होताना बसते. म्हणून उष्णता किती काढून घ्यावी, यालाच मर्यादा पडते.

पुग्याच्या जमिनीवर टाकणखार आणि गंधक उघडे दिसतात. तेथील पाणी काय काय घेऊन वर येते, याला आणखी साक्ष कशाला हवी? प्रतिबंधक द्रव्याचा आणि नळ्यांच्या सफाईचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे. उन्हवरे, तुरळ येथील उन्हाळ्यांवर वीजकेंद्राची स्वप्ने रंगविणाऱ्या आमच्या कोकणी मित्रांनीही आधी पाण्याचे पृथक्करण मागावे.